शाळेनंतरच्या तीन वाटा

निकालाचा दिवस सरला म्हणजे आमच्या शाळेच्या ओसरीवर पालकांची ये-जा सुरू होते. कोणी रिसोडकडून एसटीने आलेला असतो, कोणी जवळच्या खेड्यातून सायकलीने. गुणपत्रक घडी घालून खिशात ठेवलेले असते. बाकावर थोडा वेळ अवघडून बसल्यावर प्रश्न निघतो, "सर, आता पोराले पुढं काय शिकवावं?" प्रश्न पाच-सहा शब्दांचा, पण त्यात एका घराची दहा-वीस वर्षे साठविलेली असतात.

हा प्रश्न नेमका मृगाच्या तोंडावर येतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्या जिल्ह्यात जून लागला की घरातला होता नव्हता तेवढा पैसा सोयाबीन व तूर यांच्या बियाण्यात आणि खतात जातो. त्याच महिन्यात प्रवेशाचे अर्ज, दाखले, शुल्क आणि वसतिगृहाची अनामत यांची मागणी दाराशी उभी राहते. पेरणी लांबवली तर वर्ष जाते, आणि प्रवेश लांबवला तरीही वर्षच जाते. अशा घाईत घेतलेला निर्णय पुष्कळदा शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून घेतला जातो, स्वतःच्या मुलाकडे पाहून नव्हे. सबब निकालाची वाट न पाहता, आजच, सवडीच्या वेळी या विषयाचा थोडा अभ्यास करावा, या हेतूने हा लेख आम्ही विद्यार्थी व पालक या दोघांपुढे ठेवीत आहो.

शाळेनंतर सरकारने तीन वाटा आखल्या आहेत. पहिली उच्च शिक्षणाची, दुसरी उमेदवारीची, आणि तिसरी परक्या प्रांतात अथवा परदेशात जाऊन विद्या घेण्याची. त्यांत श्रेष्ठ कोणती, हा आमच्या मते चुकीचा प्रश्न होय. कोणती कोणास योग्य, आणि तीवर पाऊल टाकण्यापूर्वी शिदोरी काय हवी, हा खरा प्रश्न.

प्रथम आपण कोठे उभे आहो ते पाहू. आपल्या वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. येथेच १९३९ साली सापडलेल्या ताम्रपटाने त्या शाखेचा इतिहास उजेडात आला. राजशेखर नावाच्या पंडिताने सुमारे एक हजार वर्षांपूर्वी काव्यमीमांसा या ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात झाल्याचे वर्णिले आहे. परंतु पूर्वजांच्या कीर्तीवर नातवंडांचा प्रवेश होत नसतो. इंग्रजी अमदानीत वाशीम हा काही काळ स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो अकोल्यात विलीन झाला, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा निघाला. मधली त्र्याण्णव वर्षे जिल्ह्याची कचेरी परगावी, आणि उच्च विद्या तर त्याहूनही दूर.

ती किती दूर होती? स्कॉटिश मिशनने १८८३ साली नागपुरास हिस्लॉप कॉलेज काढले, तेव्हा त्या प्रांतात विद्यापीठच नव्हते. कॉलेज जोडलेले होते कलकत्त्याच्या विद्यापीठास. १९२३ साली नागपूर विद्यापीठ झाले. १९८३ साली अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ आले. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये त्यासच जोडलेली आहेत, आणि ते आज संत गाडगेबाबांचे नाव धारण करते. स्वतः शाळेची पायरी न चढलेल्या ज्या पुरुषाने हातात खराटा घेऊन गावोगाव कीर्तनांतून मुलांना शिकवा असे सांगितले, त्याचे नाव विद्यापीठास लाभावे, यात आम्हांस मोठा अर्थ दिसतो. आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशीमचे एक होते. कलकत्त्याहून नागपूर, नागपुराहून अमरावती, अमरावतीहून आपले गाव, असे एकेक मुक्काम करीत विद्येचे दार सुमारे एकशेचाळीस वर्षांत आपल्यापर्यंत आले आहे. दार जवळ आले. परंतु उंबरा ज्याचा त्यानेच ओलांडावयाचा असतो.

आता पहिली वाट. केंद्र सरकारने २९ जुलै २०२० रोजी नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ या वर्षापासून अमलात आले. उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण २०१८ साली शेकडा २६.३ होते, ते २०३५ पर्यंत शेकडा ५० व्हावे, हे त्यातील एक उद्दिष्ट. विद्यार्थ्याच्या दृष्टीने मोठा बदल असा की पदवीचा अभ्यास आता जिन्याच्या पायऱ्यांसारखा झाला आहे. एक वर्ष पुरे करून थांबणाऱ्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, आणि चार वर्षे करणाऱ्यास ऑनर्सची पदवी. जेवढा अभ्यास पुरा झाला तेवढे श्रेयांक, पेढीतील ठेवीप्रमाणे, विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा राहतात. पुढे परत आल्यावर ते उपयोगी पडतात.

या व्यवस्थेत दया आहे, हे आम्ही मनापासून मान्य करतो. पूर्वी बाप आजारी पडला म्हणून दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडणाऱ्या मुलाच्या हाती काहीच राहत नसे. आता काही तरी राहील. परंतु सवलतीच्या पोटात मोहही असतो. एका वर्षाचे प्रमाणपत्र मिळाले, आता पुरे झाले, असे म्हणून मुलीला घरी बसविण्यास आणि स्थळे पाहण्यास हे निमित्त होऊ नये, अशी आमची पालकांस कळकळीची विनंती आहे. मधल्या पायरीवर श्वास घेण्यास थांबणे वेगळे, आणि तेथेच बिऱ्हाड करणे वेगळे.

मुलींच्या शुल्काचे म्हणावे तर राज्य सरकारने मोठे पाऊल टाकले आहे. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयान्वये, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पूर्वी ही सवलत निम्मी होती. मात्र प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेणारीस हा लाभ नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांकरिता मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तर १९४४ सालापासून चालत आली आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांस स्वाधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे.

हे सारे असूनही मुले का गळतात? येथे आम्हांस आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात मालेगाव तालुक्यातील एका कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी होती. गणितात तिची बुद्धी अशी की आम्ही फळ्यावर उदाहरण लिहून खडू खाली ठेवीपर्यंत तिचे उत्तर तयार असे. बारावीनंतर तिला अभियांत्रिकीला राखीव जागेवर प्रवेश मिळाला. गावात पेढे वाटले गेले. परंतु जातवैधतेचे प्रमाणपत्र मुदतीत हाती आले नाही, आणि ती जागा गेली. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदतही उलटून गेली होती, म्हणून शिष्यवृत्तीचा अर्जही अडला. खुल्या जागेचे शुल्क भरणे बापाला शक्य नव्हते. त्या वर्षी पेरणीही दुबार झाली होती. मुलगी घरी परतली आणि वर्षभर आईबरोबर निंदणीला गेली. पुढल्या वर्षी कागद पुरे झाले. ती विज्ञान शाखेत शिकली, आणि आज स्वतःच्या पायांवर उभी आहे. पण ते एक वर्ष, आणि जी वाट तिने मनात धरली होती ती वाट, तिला कोणीच परत दिली नाही. या गोष्टीत दोष कोणाचा? आम्ही बराच काळ दुसऱ्यांकडे बोट दाखवीत होतो. पुढे ध्यानात आले की त्या मुलीला आम्ही बीजगणित शिकविले, भूमिती शिकविली, शुद्धलेखन शिकविले. परंतु दाखला कोठे निघतो, त्यास किती दिवस लागतात, आणि त्याची मुदत कधी संपते, हे शिकविण्याचा विचारही आम्हांस शिवला नव्हता. तो दोष आमचा होता.

दुसरी वाट उमेदवारीची. हा शब्द आपल्या लोकांस परका नाही. सुताराच्या पडवीत, लोहाराच्या भात्याशी, शिंप्याच्या दुकानात मुले पूर्वीपासून उमेदवारी करीत आली. उस्तादाचे पाहावयाचे, हत्यार पुसून द्यावयाचे, आणि पुष्कळ दिवसांनी एकदा हात लावू दिला की घरी जाऊन सांगावयाचे. त्या पद्धतीत शिक्षण होते, पण हक्क नव्हता. वेतन असलेच तर मालकाच्या मर्जीवर. शिवाय कोणी कोणता धंदा शिकावा हे जन्मानेच ठरलेले असे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने या जुन्या नात्याला करारपत्राचे रूप दिले. उमेदवार आणि मालक यांच्यात लेखी करार होतो, तो नोंदला जातो, शिक्षणाचा काळ ठरलेला असतो, आणि विद्यावेतन द्यावे लागते. जन्माचे बंधनही त्यात नाही. प्रथम हा कायदा कारागिरीच्या धंद्यांपुरता होता. १९७३ साली पदवीधर व पदविकाधारक, आणि १९८६ साली बारावीचे व्यवसाय शिक्षण घेतलेली मुले त्याच्या कक्षेत आली.

२०१९ च्या नियमांनी ३० अथवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेस उमेदवार घेणे बंधनकारक केले. प्रमाण शेकडा २.५ ते १५. त्याच नियमांत किमान विद्यावेतन दहावी उत्तीर्णास महिना ६,०००, बारावी उत्तीर्णास ७,०००, पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास ९,००० रुपये असे ठरविले गेले. १९ ऑगस्ट २०१६ पासून केंद्र सरकारने राष्ट्रीय उमेदवारी प्रोत्साहन योजना काढून या वेतनाचा एक हिस्सा स्वतः उचलण्यास आरंभ केला. आपल्या भागातील मुलांना एसटीच्या आगारांत व कार्यशाळांत, महावितरणात, तसेच भुसावळसारख्या रेल्वेच्या ठिकाणी अशी उमेदवारी करता येते. जाहिराती निघतात, वाचणारे मात्र थोडे.

या वाटेविषयी लोकांत दोन गैरसमज आहेत. पहिला असा की आयटीआयला गेलेला मुलगा कॉलेजास मुकला. हे खरे नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआयचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यास तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. आणि पदविका झालेल्यास अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात. आपल्या वाशिमात शासकीय आयटीआयही आहे आणि शासकीय तंत्रनिकेतनही आहे. म्हणजे या शिडीच्या पहिल्या दोन पायऱ्या घरची भाकरी खाऊन चढता येतात. आमचा एक जुना विद्यार्थी दहावीस जेमतेम उत्तीर्ण झाला होता. नातेवाईक म्हणाले, याचे शिक्षण संपले. तो वीजतंत्री झाला, औरंगाबादेजवळ (त्या शहराचे आजचे नाव छत्रपती संभाजीनगर) एका कारखान्यात उमेदवारी केली, मग पदविका घेतली. गेल्या दिवाळीत तो भेटावयास आला, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेतील बिघडलेले यंत्र त्याने अर्ध्या तासात चालू करून दिले. ज्या मुलास आम्ही विज्ञानात नापास होण्यापासून कसाबसा वाचविला होता, तो आम्हांस विज्ञान शिकवून गेला.

दुसरा गैरसमज याच्या उलट आहे. उमेदवारी लागली म्हणजे नोकरी लागली, असे पुष्कळ घरी समजतात व पेढे वाटतात. कायद्याने उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. मुदत संपल्यावर त्यास कामावर ठेवलेच पाहिजे असे बंधन मालकावर नाही. म्हणून त्या वर्षाचा उपयोग हात तयार करण्याकडे करावा. आणि जेथे करार न करता, काही न शिकविता, मुलास नुसते ओझे वाहावयास लावतात, तेथे त्यास उमेदवारी म्हणू नये. ती स्वस्तातली मजुरी होय. राज्य सरकारने २०२४ साली काढलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना हीही या कायद्याहून निराळी आहे. तीत बारावी, आयटीआय अथवा पदविका, आणि पदवी या पात्रतेप्रमाणे अनुक्रमे ६,०००, ८,००० व १०,००० रुपये महिना देण्याचे ठरले, आणि प्रथम मुदत सहा महिन्यांची होती. अनुभव म्हणून ती चांगली. परंतु थोड्या महिन्यांच्या अनुभवास कोणी व्यवसायाचे शिक्षण समजू नये.

खरा अडथळा कायद्यात नाही, आपल्या मनात आहे. हाताला तेल लागले की मान कमी होतो, ही समजूत आपण कोठून आणली? ज्यास आम्ही प्रभू म्हणतो, तो नासरेथच्या सुताराच्या घरी वाढला आणि लोक त्यास सुतार म्हणूनच ओळखीत. प्रेषित पौल मोठा शास्त्री, गमलिएलाच्या पायांशी बसून शिकलेला. पण राहुट्या करण्याचा धंदा त्याने सोडला नाही, आणि कोणावर भार न टाकता त्यावर पोट भरले. विद्या आणि हात यांची फारकत कोणत्याही धर्माने सांगितलेली नाही. ती आपल्या आळसाने केली आहे.

तिसरी वाट परक्या मुलखाची. ती ऐकताच पुष्कळांस वाटते की ही श्रीमंतांची गोष्ट. म्हणून घराजवळूनच आरंभ करू. १९८५-८६ साली केंद्र सरकारने नवोदय विद्यालयांचा प्रयोग प्रथम दोनच ठिकाणी केला: एक हरियाणातील झज्जर, आणि दुसरे आपले अमरावती. आज वाशीम जिल्ह्यातही नवोदय विद्यालय आहे. या विद्यालयांच्या योजनेत एक सुंदर कलम आहे. नववीच्या वर्गातील सुमारे शेकडा ३० विद्यार्थी एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या प्रांतातील विद्यालयात जाऊन राहतात. हिंदी मुलखातली मुले इकडे, आणि इकडची मुले तिकडे. चौदा वर्षांचा मुलगा परक्या गावी परक्या भाषेत भूक लागल्याचे सांगावयास शिकतो, तेव्हा देश म्हणजे काय हे त्यास पुस्तकाविना कळते. पुढे ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी एक भारत श्रेष्ठ भारत या उपक्रमाची घोषणा झाली. तीत राज्यांच्या जोड्या लावण्यात आल्या आणि महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी जुळली.

युरोपातील राष्ट्रांनी हेच मोठ्या प्रमाणावर केले. ज्या देशांनी विसाव्या शतकात दोन महायुद्धे एकमेकांविरुद्ध लढली, त्यांनी १९८७ साली विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची योजना सुरू केली, आणि तिला नाव दिले इरॅस्मस या पंडिताचे, ज्याने १५१६ साली ग्रीक भाषेतील नवा करार छापून प्रसिद्ध केला व जो विद्येसाठी देशोदेशी हिंडला. तोफांनी जे साधले नाही ते एका बाकावर बसलेल्या दोन विद्यार्थ्यांनी साधावे, हा त्यामागचा विचार.

परदेशी विद्येची परंपरा मराठी माणसांत जुनी आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. ती शिष्यवृत्ती नसती, तर भारताच्या इतिहासाचे एक पान कोरे राहिले असते. एका संस्थानिकाने जे एका विद्यार्थ्याकरिता केले, ते पुढे सरकारने धोरण म्हणून स्वीकारले. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. आता तर परदेशी विद्यापीठेच इकडे येऊ लागली आहेत. २०२३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे नियम केले, आणि जून २०२५ मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना नवी मुंबईत येण्यासाठी इरादापत्रे देण्यात आली. तथापि परदेशी नावाची पाटी आणि परदेशी विद्या या दोन गोष्टी एकच नव्हेत. शुल्क, मान्यता व अभ्यासक्रम पाहिल्यावाचून कोणी शेत गहाण ठेवू नये.

देवाणघेवाण या शब्दात देणे आधी आहे आणि घेणे मागाहून, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून शिकावे. त्या १८८३ साली इंग्लंडास गेल्या, आणि चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात स्वतः शिकत असता तेथे संस्कृत शिकवू लागल्या. १८८६ साली त्या अमेरिकेत फिलाडेल्फियास पोहोचल्या, ते डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास. तेथे त्यांनी बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला, व्याख्याने दिली, आणि परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. अमेरिकेत काय पाहिले ते मराठीत ग्रंथ लिहून आपल्या लोकांस सांगितले. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात निराधार स्त्रियांना अक्षरांबरोबर माग, तेलघाणा आणि छापखाना यांचे काम शिकविले. रमाबाईंनी भाषांतरित केलेले पवित्र शास्त्र त्याच स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. उच्च विद्या, हाताचा धंदा आणि परदेशचा अनुभव या ज्या तीन वाटा आम्ही निरनिराळ्या मांडल्या, त्या या एका स्त्रीच्या आयुष्यात एकत्र मिळाल्या. आपल्याच शेजारचे डॉ. पंजाबराव देशमुख इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये शिकून परत आले आणि १९३२ साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली. वऱ्हाडातील शेतकऱ्यांची किती मुले त्या झाडाखाली बसून शिकली! दूर जाणे हे पाप नव्हे. परंतु ज्या विहिरीचे पाणी पिऊन मोठे झालो तिला विसरणे हे कृतघ्नपणाचे होय.

आता पालकांस व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली, मूल नववीत जाताच एक पिशवी करावी आणि तीत जन्मनोंद, अधिवास, जातीचा दाखला, आधार व मुलाच्या नावाचे बँकेचे पुस्तक ठेवावे. उत्पन्नाचा व उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला मुदतीचा असतो, म्हणून तारीख पिशवीवरच लिहावी. जातवैधतेचा अर्ज बारावीच्या निकालापर्यंत लांबवू नये. अकरावीतच चौकशी करावी. दुसरी, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतला तरी मुलाने स्वतः शेजारी बसावे. ज्यात आपले नाव आहे तो कागद आपण वाचलेला असावा. तिसरी, शिष्यवृत्ती मंजूर होणे आणि पैसा हाती येणे यांत पुष्कळदा महिने जातात; म्हणून सोयाबीन विकले की पहिल्या सहा महिन्यांचा खर्च वेगळा काढावा. चौथी आणि सर्वांत मोठी, मुलास विचारावे. त्याला काय येते आणि काय आवडते हे शिक्षकांपेक्षाही, पुष्कळदा, आईला ठाऊक असते.

सरकारासही आदरपूर्वक एक शब्द. ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. ज्या वर्षी ती महाविद्यालयात पाऊल टाकते, त्याच वर्षी तो पास संपतो. शुल्क माफ झाले तरी मानोरा किंवा कारंजा तालुक्यातील तांड्यावरून रोज कॉलेजात यावयाचे तर वेळेवर गाडी हवी, आणि यावयाचे नसेल तर सुरक्षित वसतिगृह हवे. धोरणाची परीक्षा राजधानीत होत नसते; ती सकाळी सातच्या गाडीच्या थांब्यावर होते.

विद्यार्थिमित्रहो, शुभवर्तमानात बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला तुम्ही प्रार्थनेच्या वेळी ऐकला आहे. शहाणा माणूस आधी बसतो, खर्चाचा अंदाज करतो, आणि मग पाया घालतो. नाही तर अर्धवट बुरुजाकडे पाहून लोक हसतात. त्या दाखल्यात बांधू नका असे सांगितलेले नाही. आधी बसा, एवढेच सांगितले आहे. यंदा पाऊस पडण्यापूर्वी एका संध्याकाळी आईबापांसह बसा. पाया कोणताही घाला, कॉलेजाचा, कारखान्याचा वा परदेशाचा. मात्र तो दुसऱ्याच्या बुरुजाकडे पाहून घालू नका. आणि कागदाची पिशवी शेजारी ठेवा. पुढल्या निकालाच्या दिवशी त्या ओसरीवर आम्ही असूच. पण तुमचे वडील "आता काय शिकवावं" असे न विचारता "आम्ही असं ठरवलं आहे" असे सांगतील, तर आमच्या श्रमांचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

अभ्यासाकरिता प्रश्न

१. आपल्या घरातील आजोबा, वडील व आपण यांना सर्वांत जवळची शाळा व कॉलेज किती अंतरावर होते, ते विचारून लिहा.

२. आयटीआयपासून अभियांत्रिकी पदवीपर्यंतच्या पायऱ्या क्रमाने मांडा. त्यांतील कोणत्या पायऱ्या वाशीम येथेच चढता येतात?

३. एका वर्षानंतर कॉलेज सोडण्याच्या सवलतीचे फायदे व धोके दोन-दोन वाक्यांत सांगा.

४. पालकांच्या मदतीने आपल्या कागदपत्रांची यादी करा, आणि प्रत्येकाच्या पुढे त्याची मुदत लिहा. जो कागद नाही, त्याच्यापुढे तो काढण्यास केव्हा जाणार ती तारीख लिहा.